कुरतडलेल्या पानांची बाग

पुण्यात गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं औषध मारू?’ त्याआधी झाड नीट निरखावं. पक्ष्याची शीट वाटावी असा ठिपका हळूच सरकला, तर ती लिंबाळी किंवा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. मोठेपणी ती हिरवी होते. डिवचलं की डोक्यामागून लालसर दुभागलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार पानं गेली, एवढाच तिचा गुन्हा.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला हा गुन्हा माफ असलेली बाग आहे. राजेंद्र ओवळेकर हे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. त्यांनी येऊरच्या जंगलालगतच्या घरच्या दोन एकरांत ‘ओवळेकर वाडी’ उभी केली. ना जाळी, ना घुमट. फुलपाखरं रानातून आपणहून येतात आणि वाटेल तेव्हा निघून जातात. त्यांना भेटायचं ते सकाळी, ऊन पंखांवर आल्यावर. अंग तापल्याशिवाय उडणं नाही.

अशा बागेचं गणित दुहेरी असतं. मधासाठी घाणेरी, एक्झोरा, हळदीकुंकू. पण फुलं ही नुसती खाणावळ. घर हवं तर अळीचं झाड लावावं लागतं. प्लेन टायगरला रुई, कॉमन क्रोला कण्हेर, क्रिमझन रोझला ईश्वरीची वेल. जेझबेलला तर चक्क बांडगूळ, जे माळी आधी तोडतो. खुळखुळ्याच्या सुकल्या फांद्यांवर टायगर नरांची झुंबड उडते. त्यातल्या रसायनातून ते मादीला भुलवणारा गंध बनवतात.

दुसरी तऱ्हा बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याची. २००६ साली सुरू झालेल्या इथल्या फुलपाखरू उद्यानात पारदर्शक घुमटाखाली दमट हवा राखून फुलपाखरं ठेवतात, शेजारी त्यांची पैदासही होते. शाळेच्या सहलीला हमखास फुलपाखरू दिसतं, हे त्याचं मोठेपण. पण पैदास म्हणजे संवर्धन नव्हे. ब्रिटनमधून ‘लार्ज ब्लू’ हे फुलपाखरू १९७९ मध्ये नाहीसं झालं. चराई कमी झाल्यानं गवत वाढलं, जमीन गार पडली आणि ज्या मुंग्यांच्या वारुळात त्याची अळी वाढते, त्या मुंग्याच हटल्या. आधी गवत सुधारलं, तेव्हाच स्वीडनहून आणलेली फुलपाखरं तिथं टिकली.

परिसर बदलला की फुलपाखरं बदलतात, हे पुण्याला नवं नाही. माणसाचा वावर वाढत जातो तसा फुलपाखरांत काय फरक पडतो, याचा अभ्यास कृष्णमेघ कुंटे यांनी याच शहरात केला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. मान सरकारनं दिला. पान आपण द्यायचं. कढीपत्ता फोडणीपुरता उरतोच.