सूर्याची वीज आणि जालाचा ठेका

आपल्या घरांतील दिवा लागतो तेव्हां त्यामागें एक मोठी शिस्त उभी असते. तिची जाणीव आपणांस सहसा नसते. तारांतील प्रवाह दर सेकंदास ५० आवर्तनें पुरीं करतो. ही संख्या, म्हणजेच वारंवारता, शेंकडों कोस पसरलेल्या वीजजालांत सर्वत्र जवळजवळ एकच असते. मागणी पुरवठ्याहून वाढली कीं ती उतरते, घटली कीं चढते. वारंवारता ही जालाची नाडीच म्हणावयाची.

ही नाडी सांभाळण्याचें काम आजवर मुख्यतः अवजड यंत्रांनीं केलें. औष्णिक केंद्रांतील जनित्राचा कित्येक टन वजनाचा फिरता भाग बहुधा मिनिटास ३००० फेरे घेतो. एखादें केंद्र अकस्मात् बंद पडलें, तर उरलेलीं यंत्रें किंचित् मंदावतात आणि आपल्या गतींत सांठलेली शक्ति जालास देतात. त्यासाठीं कोणाच्या आज्ञेची गरज लागत नाहीं. जडत्वाचा तो स्वभावच आहे. एवढ्यानें तूट भरून निघत नाहीं हें खरें, पण इतर केंद्रांस सावरण्यास कांहीं सेकंदांची सवड मिळते.

सौरपटलांतून मात्र एकदिश प्रवाह निघतो. जालास जोडण्यापूर्वीं त्यास प्रत्यावर्ती रूप देणारें उपकरण तें इन्व्हर्टर. नव्या पवनचक्क्यांची वीजही बहुधा अशाच उपकरणांतून येते. त्यांत जडत्व देणारें असें कांहींच फिरत नाहीं. सेकंदास हजारों वेळां उघडझांप करणारे स्विच आणि त्यांस हुकूम देणारा छोटा गणक, एवढाच त्याचा संसार. नेहमींचा इन्व्हर्टर जालाचा दाब सतत मापतो आणि त्याच्या तालावर आपला प्रवाह सोडतो. तो अनुयायी आहे, नायक नव्हे.

भजनाचें उदाहरण घेऊं. मृदंग ठेका धरतो, टाळकरी त्यामागें जातात. टाळकरी दहाचे वीस झाले तरी बिघडत नाहीं. पण मृदंग क्षीण झाला आणि टाळकरी वाढले, म्हणजे प्रत्येकाच्या कानीं टाळांचाच नाद येऊं लागतो. एक चुकला कीं दुसरा सावरूं पाहतो, त्या सावरण्यालाच तिसरा ताल समजतो, आणि सारा मेळ विसकटतो. मोठ्या जनित्रांपासून दूर, जालाच्या टोकास, इन्व्हर्टरची हीच स्थिति होऊं शकते. तेथें जाल दुर्बळ असतें. इन्व्हर्टरनें प्रवाह थोडा बदलला कीं तेथील दाबही बदलतो, आणि तो बदललेला दाब मापून इन्व्हर्टर पुन्हां प्रवाह बदलतो. स्वतःचाच प्रतिध्वनि ऐकून दिलेलें हें उत्तर वेळेवर शमलें नाहीं, तर प्रत्येक हेलकावा आधींच्यापेक्षां मोठा होतो, आणि अखेर उपकरण स्वतःच्या रक्षणासाठीं जालापासून अलग होतें.

ही केवळ कल्पना नव्हे. ९ ऑगस्ट २०१९ रोजीं सायंकाळीं लंडनच्या उत्तरेस एका वाहिनीवर आकाशांतील वीज कोसळली. रक्षक यंत्रणेनें तो दोष तत्काळ दूर केला. असे प्रसंग नित्याचेच. पण यॉर्कशायरच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रांत उभारलेल्या हॉर्नसी येथील पवनचक्क्यांच्या दाबनियंत्रकांस तो लहानसा धक्काही सोसला नाहीं. हेलकावे उठले आणि क्षणार्धांत ७३७ मेगावॉट वीज नाहींशी झाली. त्याच वेळीं लिटल बारफर्ड येथील वायुइंधनावर चालणारें केंद्रही डळमळलें. राखीव शक्ति सुमारें १००० मेगावॉट होती. तूट तिच्याहून मोठी झाली. वारंवारता ४८.८ वर उतरली, तेव्हां स्वयंचलित रक्षकांनीं दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज तोडून इतरांची वांचविली. ती पाऊण तासाच्या आंत परत आली. पण कांहीं आगगाड्या तंत्रज्ञ येईपर्यंत जागच्या हलल्या नाहींत, आणि प्रवासी तासन्‌तास अडकले. हॉर्नसीचा दोष वाऱ्यांत नव्हता कीं पात्यांत नव्हता. तो नियंत्रकाच्या आज्ञावलींत होता. ती पुढें सुधारण्यांत आली.

मग सूर्यावर आणि वाऱ्यावर रुसावें काय? मुळींच नाहीं. आज्ञावलीची परीक्षा दुर्बळ जालावर आधींच घ्यावी, हा पहिला उपाय. दुसरा उपाय दक्षिण ऑस्ट्रेलियानें २०२१ मध्यें योजिला: वीज निर्माण न करणारीं, पण जड चक्रांसह फिरत राहून जालास बळ देणारीं चार यंत्रें तेथें बसविण्यांत आलीं. तिसरा उपाय अधिक मूलगामी आहे. इन्व्हर्टरलाच मृदंग धरावयास शिकवावें. म्हणजे त्यानें इतरांचा ताल न शोधतां स्वतः ताल निर्माण करावा आणि जनित्राच्या जडत्वाचें अनुकरण करावें. त्याच प्रांतांतील हॉर्नसडेलच्या मोठ्या बॅटरीकडून २०२२ पासून असें काम घेतलें जाऊं लागलें. मात्र त्यासाठीं सांठा हाताशीं लागतो. आणि जनित्र संकटांत आपल्या नेहमींच्या कित्येक पट प्रवाह देऊं शकतें, तसें इन्व्हर्टरच्या नाजूक स्विचांस झेपत नाहीं.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाहीं. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर–सोलापूर वाहिनीनें दक्षिणेचें जाल उर्वरित भारताशीं जोडलें गेलें, आणि सारा देश एका तालावर आला. छपरावर पटलें बसवितांना आपण किती युनिटें निघतील एवढेंच विचारतों. धक्का बसला असतां हा इन्व्हर्टर काय करील, हाही प्रश्न आतां विचारला पाहिजे. कारण मेळ्यांत नवा गडी येतो तेव्हां त्याचा आवाज मोठा असून भागत नाहीं, त्यास तालाचें भान असावें लागतें.