विश्लेषण : रिमोटच्या हेलिकॉप्टरला एक सैल स्क्रू का महागात पडतो?

मिरा रोड पूर्वेच्या नया नगरसारख्या दाट वस्तीत रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर उडवायला जागा नाही. जोडायला मात्र घरातले टेबल पुरते. त्यामुळे हा छंद असलेल्यांचे निम्मे काम घरात आणि निम्मे दूरच्या मोकळ्या मैदानात चालते. मैदानात काय घडणार, हे बऱ्याचदा टेबलावरच ठरलेले असते. एखादा स्क्रू नीट बसला नसेल, तर त्याची किंमत यंत्राला आणि कधी माणसालाही मोजावी लागते.

पंख्यांमध्ये इतकी ताकद कुठून येते?

७०० आकाराच्या मॉडेलचा एक पंखा ७० सेंटिमीटर लांब असतो. तो मिनिटाला २००० फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या जवळ जातो. पंख्याचे वजन २०० ग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य दांड्यापासून ४० सेंटिमीटरवर धरला, तर त्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर साडेतीनशे किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. ३२५ मिलिमीटर पंख्यांच्या लहान मॉडेलमध्येही टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. ५ सप्टेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका उद्यानात स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचा फटका बसून १९ वर्षांचा तरुण दगावला. सैल स्क्रूचे उदाहरण म्हणून ही घटना सांगितलेली नाही. ज्याला खेळणे म्हटले जाते त्याची ताकद किती, हे त्यातून कळावे इतकेच.

घट्ट केलेला स्क्रू सैल कसा होतो?

स्क्रू आवळला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. या दाबामुळे आट्यांमध्ये घर्षण राहते आणि स्क्रू जागचा हलत नाही. हेलिकॉप्टरमध्ये मोटर, गिअर, मुख्य पंखे आणि शेपटीचा पंखा अशी सगळीकडून थरथर येते. जोडलेले भाग आडवे किंचित सरकू लागले की आट्यांची पकड क्षणभर सुटते आणि स्क्रू कणाकणाने मागे फिरतो. आडवी थरथर बोल्ट सैल करते, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवले. अशा ठिकाणी साध्या स्प्रिंग वॉशरवर विसंबून चालत नाही.

थ्रेडलॉकर नेमके काय करते?

थ्रेडलॉकर हा आट्यांमध्ये लावायचा द्रव आहे. हवा मिळेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श झाला की तो घट्ट होतो. म्हणूनच त्याच्या बाटलीत मुद्दाम हवा ठेवलेली असते. मॉडेलसाठी निळा, मध्यम ताकदीचा प्रकार वापरतात. लॉकटाइट २४३ हे त्यातले परिचित नाव. तो साध्या ॲलन कीने उघडता येतो. लाल प्रकार खूप पक्का असतो. तो उघडायला चांगलीच उष्णता द्यावी लागते, आणि तोवर लहान स्क्रूचे डोके झिजून जाते.

लावण्याआधी स्क्रू आणि भोक दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करावेत. कारखान्यातून आलेल्या स्क्रूवर तेलाचा थर असतो. एक थेंब पुरतो. जास्त झाले तर ते शेजारच्या बेअरिंगमध्ये उतरून बेअरिंग जाम होते. काही मिनिटांत पकड येते, पण पूर्ण ताकदीसाठी २४ तास थांबावे. रात्री स्क्रू लावून सकाळी उडवायला निघण्याची घाई टाळावी.

प्लास्टिकवर ते चालते का?

नाही. थ्रेडलॉकर धातूत धातू जातो तिथेच लावायचे. काही प्लास्टिकला त्यामुळे बारीक तडे जातात. सर्व्होचा स्क्रू प्लास्टिकमध्ये जात असेल, तर तो आधी हलकेच उलटा फिरवावा. जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसला की मग सुलटा आवळावा. असे केले नाही तर दरवेळी नवे आटे पडतात आणि भोक सैल होते.

नायलॉनची कडी असलेला नट म्हणजे नायलॉक नट. त्यातून बोल्टचे एकदोन आटे तरी बाहेर दिसले पाहिजेत. हाताने सहज फिरू लागलेला नट टाकून द्यावा. पंख्यांचे बोल्ट करकचून आवळू नयेत. हेलिकॉप्टर आडवे धरल्यावर पंखा स्वतःच्या वजनाने लोंबू नये, पण हलका झटका दिल्यावर हलावा, इतकीच घट्टी ठेवावी.

कोणते स्क्रू सर्वांत महत्त्वाचे?

मोठ्या हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा दांड्यावर धरून ठेवणाऱ्या नटाला वैमानिक ‘जीझस नट’ म्हणत. तो निघाला तर देवाचा धावा करण्यापलीकडे काही उरत नाही, असा त्याचा अर्थ. मॉडेलमध्येही डोके दांड्याला जोडणारा बोल्ट याच नावाने ओळखला जातो. त्यानंतर फेदरिंग शाफ्टच्या दोन टोकांचे स्क्रू, शेपटीच्या पंख्याचे स्क्रू, मोटरच्या पिनियनचा ग्रब स्क्रू, मोटर बसवण्याचे स्क्रू आणि सर्व्होच्या हाताचे स्क्रू येतात. जोडूनच आलेला भाग ‘तयार’ समजू नये. तो उघडून पाहावा आणि थ्रेडलॉकर नसेल तर लावावे.

आवळल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या भागापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे. प्रवासी विमानांच्या देखभालीतही अशा खुणा वापरतात. खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत पोलादी स्क्रू लवकर गंजतात. पावसाळ्यात बंद राहिलेले मॉडेल पुन्हा उडवण्याआधी प्रत्येक स्क्रू तपासून घ्यावा.

उडवण्याआधी काय करावे?

बॅटरी काढलेली असतानाच यंत्रावर हात घालावा. पंखे, शेपटी आणि दांडा बोटांनी हलवून खडखड जाणवते का पाहावे. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा पंखे फिरवताना दूर उभे राहावे आणि पंखे ज्या पातळीत फिरतात त्या रेषेत कोणी नसावे, कारण सुटलेला तुकडा त्याच दिशेने जातो. दोन-तीन मिनिटांच्या पहिल्या उड्डाणानंतर उतरवून पुन्हा तपासावे. आपटलेल्या मॉडेलमधला फेदरिंग शाफ्ट आणि त्याचे स्क्रू बदललेलेच बरे.

आणि जागेचे काय?

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर आपला भाग कोणत्या क्षेत्रात येतो ते पाहावे. मुंबई परिसरात पोलीस वेळोवेळी अशा उड्डाणांवर बंदीचे आदेश काढतात, तेही तपासावेत. गच्ची, गल्ली आणि सोसायटीचे आवार या जागा उडवण्यासाठी नाहीतच.

स्क्रू सैल आहे की नाही हे टेबलावर पाहायला पाच मिनिटे लागतात. हवेत तो सुटला, तर पाहायला वेळच मिळत नाही.