नऊ प्रश्नांची चाळणी आणि आपली मुले

ठाकुरवाडीतून निघून कर्जत, खोपोली, पनवेल वा मुंबईच्या महाविद्यालयात पोहोचणारा आपला विद्यार्थी बहुधा घरातील पहिलाच पदवीचा उमेदवार असतो. वाडीत माणसे होती, शाळेच्या वसतिगृहात सर आणि ताई होत्या. तेथे मात्र त्याला एकट्याने उभे राहावे लागते. त्याचे मन खचू लागले, तर ते वेळीच कसे ओळखावे? त्यासाठी ‘पीएचक्यू-९’ नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिचे मोल आणि मर्यादा पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी जाणून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

ही प्रश्नावली क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. मागील दोन आठवड्यांत उदासी, निरुत्साह, झोप, थकवा, भूक अशा ९ बाबींचा त्रास किती दिवस झाला, यावर प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण गुण २७. साधारणतः १० वा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करावी, असे मानतात. मूळ अभ्यासात या मर्यादेवर १०० आजारी व्यक्तींपैकी ८८ जण ओळखले गेले आणि १०० निरोगींपैकी ८८ जण निरोगीच ठरले.

आता हिशेब मांडू. समजा, १०० विद्यार्थ्यांपैकी १० जणांना नैराश्य आहे. प्रश्नावली त्यांतील सुमारे ९ जणांना शोधील. पण उरलेल्या ९० निरोगींपैकी ११ जणांनाही बाजूला काढील. म्हणजे निवडलेल्या २० जणांत निम्म्याहून अधिक निरोगीच! म्हणून ही चाळणी आहे, निदान नव्हे. गुण पाहून कोणावर शिक्का मारणे हा अन्याय होय.

चाळणीची भोकेही समाजानुसार तपासावी लागतात. तज्ज्ञांच्या सविस्तर मुलाखतीशी गुण ताडून पाहणे, ही त्याची रीत. नायजेरियातील ५१२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र नैराश्यासाठी १० हीच मर्यादा योग्य ठरली. भारतीय किशोरवयीनांवरील २०१३ च्या अभ्यासात मात्र ५ ही मर्यादा अधिक उपयुक्त आढळली. गोव्यातील प्राथमिक आरोग्यसेवेतही अशा पाच प्रश्नावल्यांची तुलना झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे आणखी एक पायरी हवी. आवणीच्या दिवसांत चिखलात राबून आलेल्या मुलाचा थकवा आणि आजाराचा थकवा एक नव्हे. छापील ‘निरुत्साह’ वाडीतल्या मुलाला परका वाटेल. ‘कशात जीव लागत नाही’ हे तो चटकन समजेल. म्हणून प्रश्न आधी मुलांना वाचून दाखवावेत आणि त्यांना काय उमगले, ते विचारावे.

नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याहून वेगळे आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मुलाशी बोलावे, त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांना गाठावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. आणि पुढे मदत करणारा कोणी नसेल, तर प्रश्नावली भरून घेऊच नये.

तथागतांनी प्रथम दुःख आहे हे मान्य केले, मग कारण शोधले आणि मार्ग दाखविला. प्रश्नावली पहिल्या पायरीपर्यंतच नेते. पुढची वाट आपण सर्वांनी मुलासोबत चालावयाची आहे.