आषाढातली चूल आणि चैत्रातली कुऱ्हाड



थंडीच्या मुलखातले लोक हिवाळ्याच्या आधी लाकूडफाटा भरून ठेवतात. आपल्या वेरूळ-खुलताबादच्या पट्ट्यात हिवाळा एवढा अडवत नाही. आपल्याला अडवतो तो पावसाळा. मृग लागला की सरपण भिजते आणि आषाढात घरातली माउली फुंकणी घेऊन चुलीपुढे डोळे चोळत बसते. मार्गशीर्ष-पौषात अंघोळीच्या पाण्याला आणि शेकोटीला जास्त जळण लागते हे खरे, पण तेही उन्हाळ्यातच वाळवलेले असावे लागते. दिवाळीनंतर तोडलेला जाड ओंडका त्याच थंडीत नीट जळत नाही.

कोणी म्हणेल, आता गॅस आला, सरपणाची चर्चा कशाला? उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि शेगड्या घरोघर पोचल्या. पण टाकी संपली की दुसरी आणायला पैसे हातात असतातच असे नाही. शिवाय अंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण अजून पुष्कळ घरांत चुलीवरच होते. तेव्हा चूल पेटणारच असेल तर ती कोरड्या लाकडावर पेटावी, एवढेच आमचे म्हणणे.

ओल्या लाकडात नेमके काय बिघडते ते आधी समजून घ्या. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. उन्हात चांगले वाळले की ते पाचव्या हिश्शावर किंवा त्याच्याही खाली येते. म्हणजे निम्मे पाणी असलेले १०० किलो ओले लाकूड वाळल्यावर ६२-६३ किलोच भरते. मोळी किंवा क्विंटलने विकत घेणाऱ्याने हा हिशेब डोक्यात ठेवावा. ओले घेतले तर पाण्याचेही पैसे मोजले, असा त्याचा अर्थ. बरं, नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. चुलीतली आच आधी ते पाणी उकळून घालवण्यात खर्च होते. जाळ थंड राहतो. लाकूड तापल्यावर त्यातून जो वायू निघतो तो पेट घेत नाही, धूर होऊन वर जातो. धूर म्हणजे न जळलेले सरपणच समजा. ते माळवदाला काजळी धरते आणि चुलीजवळच्या बाईच्या व तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत जाऊन बसते. रोजच्या धुराने जुना खोकला आणि दमा जडतो, लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. हे डॉक्टरांनी पुष्कळदा सांगून झाले आहे.

सुधारित चुलीचा सरकारी कार्यक्रम १९८० च्या दशकात गावोगाव आला होता. केंद्राने तो २००२ साली बंद केला. धुराडे असलेली चूल आजही चांगलीच, पण तिच्यातही ओले लाकूड घातले तर धुराडे काजळीने तुंबते.

कोणते झाड, केव्हा

रब्बीची काढणी उरकली की फाल्गुन-चैत्रात तोडणी करावी. पुढे वैशाखाचे ऊन फुकट मिळते. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या छाटाव्या आणि खोड राखावे. बाभूळ बुडातून तोडली तर पुन्हा फुटेल याचा भरवसा नसतो. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ मात्र बुंध्यातून जोमाने फुटतात. त्या जमिनीपासून वीतभर उंचीवर तिरक्या घावाने तोडाव्या, म्हणजे खुंटावर पाणी साचत नाही. नाल्याकाठी माजलेली वेडी बाभूळ ही आमच्या मते गावाची सरपणाची पेढी आहे. काटा वाईट, पण निखारा बाभळीच्या तोडीचा. काटा रुतला तर जखम धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

झाड आपल्या शेतातले असले तरी सगळीच झाडे मनाला येईल तेव्हा तोडता येत नाहीत. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर, चंदन अशी झाडे त्याच्या यादीत आहेत आणि ती तोडायला आधी परवानगी लागते. लेण्यांच्या डोंगरावर तर कुऱ्हाड नेऊच नये. पलीकडे कन्नडच्या अंगाला गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले, तिथेही तेच. एका मोळीपायी कोर्टाच्या खेपा कशाला?

कण्हेरीच्या काड्या चुलीत घालू नका, ते झाड विषारी आहे. रंग दिलेल्या फळ्या आणि खताच्या प्लॅस्टिक पिशव्याही जाळ पेटवायला वापरू नयेत. त्यासाठी तुराटी आहे, दाणे काढलेली मक्याची कणसे आहेत.

फोडणी ओलेपणीच

पुष्कळ जण ओंडके तसेच अंगणात टाकतात आणि लागेल तसे फोडतात. हे उलटे आहे. बाभळीसारखे कठीण लाकूड ओले असताना लवकर फुटते. वाळल्यावर कुऱ्हाड त्याच्यावरून उडते. दुसरे असे की साल पाणी धरून ठेवते. ओंडका आतून कित्येक महिने ओला राहतो आणि सालीखाली किडा लागून पिठासारखा भुसा गळू लागतो. फोडलेली ढलपी चहूबाजूंनी वाळते. तेव्हा तोडणीच्याच आठवड्यात करवतीने हातभर लांबीचे तुकडे करावे आणि ते मनगटाएवढ्या जाडीचे फोडून घ्यावे. एवढ्या ढलप्या वैशाखाच्या उन्हात महिना-दीड महिन्यात जळण्याजोग्या होतात.

फोडताना तुकडा जमिनीवर न ठेवता रुंद ठोकळ्यावर उभा करावा. घाव मधोमध घालू नये. कडेपासून सुरुवात करावी आणि जिथे चीर दिसते तिच्या रेषेत मारावे. गाठीचा तुकडा कुऱ्हाडीने फुटत नसेल तर हट्ट धरू नका. लोखंडी पाचर बसवून घणाने ठोका. त्याच्यानेही नाही फुटला तर थंडीतल्या शेकोटीला ठेवून द्या.

कुऱ्हाडीचा दांडा रोज तपासावा. ढिला दांडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची रीत आहे, पण लाकूड सुकले की तो पुन्हा ढिला होतो आणि पाते सुटून समोरच्याला लागते. डोक्यात नवी पाचर ठोकून घ्या. पाय फाकवून उभे राहावे, धोतराचा सोगा खोचलेला असावा, पायात चपलेऐवजी बूट असावा, आणि पोरांना तिथून हाकलावे.

रचणी

खाली काळ्या दगडाच्या दोन ओळी मांडून त्यावर आडवी लाकडे टाकावी, म्हणजे थप्पी जमिनीपासून हातभर वर राहते. वाळवी लागत नाही, खालून वारा खेळतो आणि खाली कोणी दडले असेल तर दिसते. मातीच्या भिंतीला टेकवून रचू नये. दोन्ही टोकांना ढलप्या उभ्या-आडव्या चौकटीसारख्या लावल्या की थप्पी ढासळत नाही. उंची छातीएवढी पुरे. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते, म्हणून घराच्या किंवा गोठ्याच्या पूर्वेची जागा बरी. पण कडब्याच्या गंजीपासून लांब.

वैशाखात थप्पी उघडी ठेवावी. वळवाचे ढग दिसू लागले की वर पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक कागद टाकून दगडाने दाबावा. फक्त वर. चारी बाजूंनी गुंडाळले तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. लाकडावर कीटकनाशक शिंपडणे तर भयंकरच, ते धुरावाटे भाकरीपर्यंत येते.

वाळले की नाही हे कसे कळेल? दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो, टोकाला चिरा पडतात, साल सुटू लागते. पक्के पाहायचे असेल तर एका ढलपीवर खूण करून ती तराजूवर तोलावी. आठ दिवसांनी पुन्हा तोलावी. वजन घटायचे थांबले की ती वाळली.

किती साठवावे, याचाही सोपा हिशेब आहे. एक दिवसाचे सरपण तोलून घ्या. समजा ५ किलो भरले, तर जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांना ६१० किलो झाले. वर चौथाई धरली की साडेसात क्विंटलच्या आसपास. ज्यांची घृष्णेश्वराच्या वाटेवर चहा-फराळाची टपरी आहे, त्यांनी श्रावणी सोमवारची गर्दी वेगळी धरावी.

पऱ्हाटीचे मात्र वेगळे

कापसाच्या पऱ्हाट्या फुकटचे सरपण म्हणून बांधावर ढीग घालून ठेवायची आपली सवय आहे. ही सवय महाग पडते. गुलाबी बोंडअळी न उमललेल्या वाळक्या बोंडांत आणि सरकीच्या जोडलेल्या बियांत झोपून राहते. पुढच्या हंगामाच्या तोंडाशी तिचे पतंग निघतात आणि शेजारच्याच नव्या कपाशीवर जातात. २०१७ साली या अळीने महाराष्ट्रात बीटी कपाशीचेही केवढे नुकसान केले ते तुम्ही विसरला नसाल. म्हणून फरदड न घेता डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत, शेत मोकळे करावे. त्याआधी शेळ्या-मेंढ्या शेतात सोडल्या की त्या उरलेली बोंडे खातात. पऱ्हाटी जागेवर बारीक करून तिचे खत केले तर उत्तमच. जमिनीचे जमिनीला मिळते. घरी आणायचीच असेल तर बोंडे झाडून जाळावी, काड्या शेतापासून लांब ठेवाव्या आणि मे संपायच्या आत चुलीत घालून संपवाव्या. पावसाळ्यासाठी पऱ्हाटी साठवू नका. तेवढ्यासाठी वरची बाभूळ सांगितली आहे.

शेवटी एक जपणूक. पावसाळ्यात थप्पीत विंचू येतो, उंदरामागे मण्यार आणि घोणस येते. अंधारात हात घालून सरपण ओढू नये. दुसऱ्या दिवशीचे जळण दिवसाउजेडी, आधी काठीने ठोकून, वरच्या थरातून काढावे आणि चुलीजवळ आणून ठेवावे. थप्पीला लागून बाज टाकू नये. मण्यारीचा दंश झोपेत कळतसुद्धा नाही. दंश झाला तर चिरा देणे, घट्ट आवळणे, मांत्रिक हे काहीही न करता माणसाला धीर द्यावा आणि सापाच्या लसीसाठी थेट सरकारी दवाखान्यात न्यावे.

तुमच्याकडे कोणते लाकूड किती दिवसांत वाळते ते कार्यक्रमाच्या पत्त्यावर पोस्टकार्डाने कळवा. झाडाचे नाव, ढलपीची जाडी आणि तोडणीचा महिना तेवढा लिहायला विसरू नका.