मारुंजीची माणसं मोजायची कशी?

हिंजवडीतून लक्ष्मी चौक ओलांडून मारुंजीच्या रस्त्याला लागलं, की एका हाताला वीस-वीस मजली इमारती आणि दुसऱ्या हाताला एखादं नांगरलेलं रान, बांधावर बाभळी, कडेला कडब्याची गंजी. सरकारदरबारी हे सगळं मिळून मुळशी तालुक्यातलं एक गाव आहे.

उत्तरेला पवना, दक्षिणेला मुळा आणि मधला हा काळ्या बसाल्टचा चढ-उताराचा पट्टा. पश्चिमेला कासारसाईचं धरण. ताम्हिणीत कोसळणारा पाऊस इथवर येईतो बराच ओसरतो. कुठे कसदार माती, कुठे नुसता मुरूम. पाणी असेल तिथे ऊस, खाचरात भात आणि उरलेला माळ गुरांना, अशी या भागाची जुनी शेती. ऊस गाळायला जवळच कासारसाई-दारुंब्रे इथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. ३ जानेवारी २०१६ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा ‘शिवशक्ती संगम’ मारुंजीत भरला. लाखाहून अधिक माणसं मावतील एवढं मोकळं रान तेव्हा इथे होतं.

आयटी पार्कसाठी एमआयडीसीने जमीन घेतली ती मुख्यतः हिंजवडी-माणची. मारुंजीच्या वाट्याला आली तिथे काम करणाऱ्यांची राहण्याची सोय. गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या. मारुंजी-जांबे-नेरे परिसरात सुमारे ४०० एकरांवर ‘लाइफ रिपब्लिक’ ही एकच वसाहत उभी राहिली. तिथल्या फ्लॅटमध्ये लातूर, जळगाव, नागपूरची मुलं, आणि त्या इमारती बांधणारे बिहार-ओडिशाचे मजूर साइटच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत.

ही माणसं किती, याचं अधिकृत उत्तर अजूनही २०११ च्या जनगणनेत शोधावं लागतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि मारुंजीचा कायापालट झाला तो प्रामुख्याने मधल्या याच वर्षांत.

एखाद्या गावाला शहर कधी म्हणायचं, याचे जनगणनेचे तीन निकष आहेत: किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. हे तिन्ही जुळले, की ग्रामपंचायत असूनही ते जनगणनेपुरतं शहर ठरतं. पश्चिम बंगालमध्ये अशी गावं २००१ साली २५२ होती, २०११ मध्ये ७८० झाली. आपल्या शेजारचं उदाहरण चाकणचं. २०११ मध्ये तिथे ४१ हजार माणसं होती आणि कारभार ग्रामपंचायतीचा. नगरपरिषद झाली ती २०१५ मध्ये.

हा केवळ नावाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येनुसार ७ पासून १७ पर्यंत वाढते, आणि ७,५०० च्या पुढे ती तिथेच थांबते. मग वस्ती दहा हजार असो की चाळीस हजार. पंधराव्या वित्त आयोगानेही निधी वाटताना २०११ चीच लोकसंख्या धरली. म्हणजे २०११ नंतर आलेल्या माणसाचा कचरा गावाने उचलायचा, रस्ता करायचा, पण त्याच्या नावाचा पैसा गावाला नाही. हा उघड अन्याय आहे. उन्हाळ्यात सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर उभे राहतात, कारण नळयोजना जुन्या गावाच्या मापाच्या आणि बोअरवेलचं पाणी बसाल्टच्या भेगांत जेवढं मुरलं असेल तेवढंच. हिंजवडी, माण, मारुंजीसह सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहे.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जाहीर झाली आहे. ती डिजिटल असेल आणि आपली माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे. भाडेकरूंनी ‘आमचं नाव गावी आहे’ म्हणून प्रगणकाला परत पाठवू नये. मतदारयादीत नाव कुठेही असो, मोजणी माणूस राहतो तिथे होते. मजुरांच्या वस्त्या मात्र साइट संपली की हलतात. त्यांची यादी ग्रामपंचायतीने आणि बिल्डरांनी मिळून आधीच करून ठेवली, तरच पत्र्याच्या त्या खोल्याही मोजणीत येतील.