चालण्याची थकबाकी भरायची नसते

कल्याण पूर्वेला आमच्या वस्तीतून स्टेशनकडे जायला दोन रस्ते आहेत. एक बुद्धविहारावरून, मैदानाच्या कडेने जातो. दुसरा भंगाराच्या गोदामांमागून, गटार ओलांडून. पहिला रस्ता रुंद आणि जवळचा. तरीही २०२३ च्या जुलैपासून पुढचे आठ महिने मी दुसऱ्या रस्त्याने ये-जा केली. कारण सांगायला आजही संकोच वाटतो. सकाळी मैदानावर चालायला येणाऱ्या आमच्या चार-पाच मंडळींनी मला पाहू नये, एवढेच ते कारण!

त्याआधी आठ महिने मी त्यांच्यातलाच होतो. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑफिसमध्ये रक्ततपासणीचे शिबिर झाले. इतरांना रांगेत उभे करता करता मीही हात पुढे केला. तीन महिन्यांच्या साखरेची जी तपासणी असते, तिचा आकडा ८.१ निघाला. साडेसहा किंवा त्याहून जास्त आला की मधुमेह धरतात. डॉक्टरांनी गोळी दिली आणि चालायला सांगितले. पहाटे साडेपाचला मैदानावर जाऊ लागलो. भात कमी केला, साखर सोडली. जूनमध्ये आकडा ६.६ वर आला. त्या आनंदात डॉक्टरांना न विचारता गोळीही अर्धी करून टाकली, हा माझा शहाणपणा!

मग पाऊस लागला. मैदानात चिखल झाला. त्यातच आई आजारी पडली. तीन आठवडे इस्पितळाच्या बाकावर गेले. वडापाव, चहा आणि जागरण! आई बरी होऊन घरी आली, पाऊसही उघडला, मी मात्र चाललो नाही. सोमवारपासून जाऊ, एक तारखेपासून जाऊ, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम पार पडला की नक्की जाऊ, असे म्हणता म्हणता दिवाळी गेली. दरम्यान मैदानावरच्या मंडळींना काय तोंड दाखवायचे, हा प्रश्न रोज थोडा थोडा मोठा होत होता. म्हणून तो गोदामामागचा रस्ता. पावसामुळे माझे चालणे फार तर तीन आठवडे बंद राहिले असते. बाकीचे महिने शरमेने खाल्ले.

खुर्ची मिळाली तेव्हा

माझे वडील गिरणीत साचाखात्यात होते. पाळीभर उभे राहायचे. त्यांना कोणी ‘व्यायाम करा’ म्हटले असते तर ते हसले असते. व्यायाम करावा पैलवानाने किंवा रिकामटेकड्याने, ही आपल्या सगळ्याच घरांतली समजूत. ती चुकीचीही नव्हती. ज्याचे अंग दिवसभर पिळून निघते त्याला वेगळा व्यायाम कशाला? पण १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. संपानंतर वडिलांची गिरणी काही त्यांना परत मिळाली नाही. ते रखवालदार झाले. रात्रभर लोखंडी खुर्चीत बसणे, पहाटे घरी येऊन झोपणे. जेवण मात्र साच्यावरचेच राहिले. त्यांना मधुमेह आहे हे कळले तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. पुढे तो आणि शेजारचे बोट काढावे लागले.

मी बी.कॉम. झालो, कारकून झालो. आमच्या घराण्यात दिवसा खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला. ही खुर्ची फुकट मिळालेली नाही, तिची किंमत आपल्या आई-बापांनी मोजली आहे. म्हणून तिच्यावर रुसायचे कारण नाही. पण ती शरीराचे काय करते हे समजून घ्यायला हवे. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली होती. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना जास्त, असे त्यांना आढळले. याच अभ्यासात टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपालखात्यातले कारकून यांचीही तुलना होती. निकाल तोच. हे १९५३ साली छापून आले आहे. म्हणजे आम्हा कारकुनांना सूचना मिळून सत्तर वर्षे होऊन गेली!

आम्हा कार्यकर्त्यांची आणखी एक सबब असते. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत-लिहीत बसायचे, मग आम्ही प्रकृतीचे लाड काय करावे? मीही हे वाक्य सभेत टाळ्यांसाठी वापरले आहे. पण त्याच बाबासाहेबांना मधुमेहाने वर्षानुवर्षे छळले. रक्तदाब, पायांच्या वेदना, मंदावलेली दृष्टी यांच्याशी झगडत त्यांनी काम केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ होते. तोच आजार स्वतःच्या घरात असताना तपासणीला न जाणे आणि वर त्यांचाच दाखला देणे, हे मला आता बोलवत नाही.

दोन फेऱ्या मार आणि घरी जा

२०२४ च्या एक जानेवारीला मी एकदाचा उठलो. नवे बूट घेतले होते. आठवड्यांचे नुकसान भरून काढायचे म्हणून पहिल्याच दिवशी तासभर झपाझप चाललो. दुसऱ्या दिवशी सव्वा तास. चौथ्या दिवशी गुडघा सुजला आणि बूट खाटेखाली गेले.

कारकुनाची खोड ती! राहिलेले काम दिसले की थकबाकी काढायची आणि सगळी एकदम भरायची. शरीराच्या खात्यात तसे चालत नाही. सरावात मोठा खंड पडला की दमसास दोन-तीन आठवड्यांतच उतरू लागतो. स्नायूंची ताकद त्या मानाने जास्त दिवस टिकते. त्यामुळे पायाला वाटते आपण पूर्वीचेच आहोत, आणि छाती व सांधे तर मागे राहिलेले असतात. पूर्वी जिथे सोडले तिथून नव्हे, तर त्याच्या निम्म्याहून कमीवर सुरू करावे लागते. चांगली गोष्ट अशी की, पूर्वी सराव केलेले शरीर अगदी नवख्यापेक्षा लवकर वळणावर येते.

हे मला पुस्तकाने नाही, मैदानावरच्या एका निवृत्त रेल्वे खलाशी काकांनी शिकवले. फेब्रुवारीअखेर एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ते समोरच आले. पळायला जागा नव्हती.

‘‘जयभीम. बरेच दिवस दिसला नाहीस?’’

मी पाऊस, आई, ऑफिस, गुडघा असे सगळे सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले.

‘‘बरं. उद्या ये. दोन फेऱ्या मार आणि घरी जा.’’

‘‘दोनच, काका?’’

‘‘दोनच. तिसरी मारलीस तर परवा येऊ नकोस.’’

दोन फेऱ्यांना आठ मिनिटे लागतात. मला तो अपमानच वाटला. पण गेलो. पहिल्या आठवड्यात आठ मिनिटे, दुसऱ्यात बारा, असे करत दोन महिन्यांनी अर्ध्या तासावर आलो. कोणीही ‘इतके दिवस कुठे होतास’ म्हणून विचारले नाही. ज्या प्रश्नाला मी आठ महिने भीत होतो, तो कोणाच्या मनातच नव्हता!

जागतिक आरोग्य संघटनेचे मोठ्यांसाठीचे माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाचे आहे. पूर्वी सलग दहा मिनिटे तरी चालले तरच ते धरावे, अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. तेव्हा स्टेशनचा जिना, ऑफिसचे दोन मजले, रात्रीच्या जेवणानंतर गल्लीतली दहा मिनिटे, हे सगळे जमेस धरता येते. जेवणानंतरच्या या दहा-पंधरा मिनिटांनी जेवणानंतर चढणारी साखर कमी होते, हा माझ्या घरच्या यंत्रावरचाही अनुभव आहे. सवयीबद्दलही एक अभ्यास वाचनात आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून पाहिली. अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले असते, तर कोणाला २५४ लागले असते. मधला एखादा दिवस चुकला म्हणून मात्र फारसे काही बिघडले नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याची वेळ आणि आधी काय खावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. खिशात साखरेची पुडी असू द्यावी. घाम फुटून हातपाय कापू लागले तर ती लगेच तोंडात टाकावी. छातीत दुखले, दम कोंडला तर थांबावे आणि लगेच दवाखाना गाठावा. अनवाणी किंवा झिजलेल्या स्लिपरवर चालू नये, आणि रात्री तळपाय पाहावेत. वडिलांच्या अंगठ्याची सुरुवात स्लिपरने पडलेल्या फोडानेच झाली होती.

चहाचा हिशेब

खाण्याच्या बाबतीत माझा खरा शत्रू चहा. जयंतीच्या वर्गणीला निघालो की दिवसात सात कप ठरलेले. कपाला दोन चमचे म्हणजे चौदा चमचे, चमच्याला चार ग्रॅम धरले तरी ५६ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत राहा म्हणते, २५ च्या आत राहिलात तर अधिक बरे. आणि इथे निरोगी माणसाचे माप नुसत्या चहातच ओलांडले!

पण ज्यांच्या हातचे पाणी शतकानुशतके नाकारले गेले, त्या आपल्या माणसांच्या घरी जाऊन चहा नको कसे म्हणायचे? आणि साखर तर पातेल्यातच पडलेली असते. शेवटी उपाय सापडला. उंबऱ्यातूनच मोठ्याने सांगतो, ‘‘वहिनी, माझा बिनसाखरेचा हं, मला शुगर आहे!’’ मग होते काय, निम्म्या घरांत आतून कोणीतरी म्हणते, ‘‘मलाही आहे, भाऊ.’’ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीने देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचे सांगितले. ते कुठे आहेत हे मला या चहाने दाखवले. वर्गणीच्या जोडीने आता तपासणीच्या चौकश्याही होतात.

तीन पातेली

पहिल्या वेळी माझे पथ्य मोडले त्यात पावसाचा दोष कमी, माझा जास्त. माझ्यासाठी वेगळी भाजी, मुलांसाठी वेगळी, आईसाठी मऊ खिचडी. पत्नी अंगणवाडीत मदतनीस आहे. ती पहाटे साडेचारला उठून तीन पातेली चढवायची आणि मी ‘व्यायामाला’ जायचो! आईच्या आजारपणात ही व्यवस्था कोसळली यात नवल नाही.

आता पातेले एकच. तेल सगळ्यांचेच कमी, पालेभाजी नाहीतर मटकीची उसळ सगळ्यांनाच. भात मोजून एक वाटी. भाकरी आमच्या लहानपणी गरिबीची खूण होती. चपाती आणि भात आला म्हणजे घर सुधारले, असे मानत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा आजीचा जोंधळा दुकानात दिमाखात बसला. पण भाकरी म्हणजे काही औषध नव्हे. चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. शिवाय रेशनवर मोफत मिळतात ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. ते सोडा आणि ज्वारी विकत घ्या, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? तोच भात अर्धा करून त्यावर डाळ, उसळ किंवा एक अंडे वाढवले तरी पुष्कळ आहे. सुकट-बोंबील गरम पाण्यात दोनदा धुवावेत, म्हणजे खारटपणा उतरतो. मिठाचे दिवसाचे माप पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी प्रमाणात खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवताना म्हणायला सांगितले, आणि त्याला दिवसाला शंभर कहापण देऊ केले. राजा एका दिवसात बारीक झाला नाही. क्रमाक्रमाने तो नाळीभर भातावर आला. मला त्यात सुदस्सनाची जागा फार महत्त्वाची वाटते. स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून राजाने माणूस नेमला! आमच्याकडे हे काम धाकट्या मुलीकडे आहे. दुसऱ्यांदा भाताकडे हात गेला की ती नुसते ‘‘पप्पा!’’ म्हणते. पगार दर रविवारी दहा रुपये.

तीन पातेल्यांचे एक झाल्यावर सकाळची अर्धी घटका वाचली. ती पत्नीने कोणाला न विचारता स्वतःकडे घेतली. पहाटेच्या अंधारात बाईमाणसाने एकटीने चालणे आमच्याकडे सोपे नाही. कुत्री आहेत, कोपऱ्यावरची टोळकी आहेत, बंद दिवे आहेत. म्हणून त्या तिघीजणी मिळून जातात. ‘घरकामात व्यायाम होतोच की’ असे शेजारच्या एका सासूबाई म्हणाल्या होत्या. आता त्यांची सूनही या तिघींत आहे.

परवाच्या तपासणीत माझा आकडा ७.० आला. गोळी पूर्ण घेतो. यंदाच्या पावसात पुन्हा पाच दिवस खंड पडला. सहाव्या दिवशी उघडीप मिळताच विहाराच्या रस्त्याने निघालो. मैदानाच्या फाटकाशी पत्नी आणि तिच्या मैत्रिणी दुसरी फेरी संपवून येत होत्या. ती थांबली नाही. हातानेच ‘चल’ अशी खूण करून पुढे गेली.