‘आज नको’ म्हणणारा बोटवाला

सुट्टीच्या दिवसांत मालवणात शिरलात की गाडीची काच पुरती खाली येण्याआधी पॅकेज खिडकीशी हजर असतं. बनाना, बंपर, जेट स्की, पॅरासेलिंग आणि वर स्कूबा. मग घासाघीस सुरू होते आणि आकडा बराच खाली उतरला की आपण खूश होतो. तो आकडा नेमका कुठून उतरला, हे मात्र कुणी विचारत नाही.

रस्त्यावर पॅकेज विकणारा बहुतेकदा एजंट असतो, बोट दुसऱ्याची असते. एजंटचं कमिशन वजा जाता उरतं त्यात बोटवाल्याला डिझेल, खलाशी आणि दुरुस्ती भागवायची असते. भाव पडला की तो फेऱ्या वाढवतो. पहिली काटछाट होते ती न दिसणाऱ्या गोष्टींत: दोनाच्या जागी एकच खलाशी, विटलेली लाइफ जॅकेटं आणखी एक हंगाम, आणि बोटीत बसण्यापूर्वीच्या दोन मिनिटांच्या सूचना.

म्हणून भाव विचारण्याआधी वारा विचारावा. शाळेत भूगोलात घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचं पाणी अगदी सपाट दिसतं. कयाक घेऊन निघालेल्याला ते सोपं वाटतं, पण तोच वारा त्याला हळूहळू बाहेर लोटत असतो आणि परतताना तो तोंडावर येतो. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, पाणी उसळू लागतं, पॅरासेलिंगची छत्री हेलकावे खाते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि मधल्या भांगाला एकाच किनाऱ्यावर पाण्याची ओढ निराळी असते. हे सगळं जाणणारा माणूस कधीतरी ‘आज नको, उद्या सकाळी या’ म्हणतो. माझ्या मते पैसे द्यावेत ते त्यालाच. मेरिटाइम बोर्डाचा परवाना, बोटीचा नोंदणी क्रमांक, माणसं किती बसवायची याची मर्यादा, हेही बघावंच. पण गिऱ्हाईक परत पाठवण्याची तयारी कुठल्या कागदावर लिहिलेली नसते.

मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. 2024 च्या नाताळात गोव्यात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक जण दगावला. ती किनाऱ्यापासून जेमतेम साठ मीटरवर होती. किनारा दिसतोय म्हणून जॅकेटचे बंद सैल सोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

जॅकेट सगळेच घालतात, बांधत कुणी नाही. फोटो नीट यावा म्हणून वरचं बक्कल उघडं, आणि मुलाच्या अंगात मोठ्या माणसाचं जॅकेट. तपासणी सोपी आहे. सगळी बक्कलं लावून पट्टे ओढून घ्या आणि सोबतच्याला दोन्ही खांद्यांवर धरून जॅकेट वर खेचायला सांगा. ते हनुवटी ओलांडून कानांपर्यंत आलं, तर पाण्यात जॅकेट वर राहील आणि तुम्ही त्यातून खाली सराल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आतला फोम चिमटीत दाबून सोडला की पुन्हा फुगला पाहिजे. दबलेलाच राहिला तर ते जॅकेट नुसता सदरा आहे. आणखी एक. किनाऱ्यावर मिळणारी बरीचशी जॅकेटं शुद्धीवर असलेल्या माणसाला तरंगत ठेवण्यापुरती असतात. बेशुद्ध माणसाला उताणं करून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवणारं लाइफ जॅकेट वेगळ्या जातीचं असतं. तेव्हा ‘जॅकेट आहे ना’ म्हणत बिअर पिऊन बोटीत चढणं हा निव्वळ मूर्खपणा आहे.

जेट स्कीचं एक गुपित तिच्यावर बसणाऱ्या बहुतेकांना कुणी सांगतच नाही. तिला सुकाणू नसतं. इंजिन पाणी ओढून मागे जोरात फेकतं आणि हँडल वळवलं की ती धार वळते, म्हणून गाडी वळते. समोर पोहणारा माणूस दिसला की दुचाकी चालवणारा आधी काय करील? गॅस सोडील आणि हँडल मारील. गॅस सोडला की धार बंद, आणि धार बंद की हँडल कितीही फिरवा, गाडी आहे त्या दिशेनेच घसरत जाते. वळायचं तर थोडा गॅस ठेवावाच लागतो. लोकांच्या, दोऱ्यांच्या, इतर बोटींच्या जवळ ती नेऊच नये ती यासाठीच. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची गुंडाळलेल्या तारेसारखी लाल दोरी असते; माणूस पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. ती हँडललाच गुंडाळून ठेवलेली दिसली तर खाली उतरावं. मागे बसणाऱ्याने नुसता स्विमसूट घालून बसू नये. मागच्या मागे पडल्यास त्या धारेने शरीराच्या आत गंभीर इजा झाल्याची उदाहरणं आहेत. जाड, घट्ट अर्धी पँट तरी हवी.

बनाना राइडवर मुद्दाम पाडतात, तीच तिची गंमत. नको असेल तर बसण्यापूर्वीच ठणकावून सांगा. ओढणी, मंगळसूत्र, अंगठ्या पिशवीत ठेवा आणि पकडायची दोरी मनगटाला गुंडाळू नका. पॅरासेलिंगला ओढणारा दोर तुटू शकतो; 2021 मध्ये दीवला तसा तो तुटला तेव्हा हवेतलं जोडपं समुद्रात पडलं आणि अंगातल्या जॅकेटांमुळे वाचलं.

स्कूबाची भीती सगळ्यांना वाटते, पण ती भलत्याच गोष्टीची. मासे काही करत नाहीत. खरा घात आपल्याच छातीतल्या हवेचा असतो. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे तिथे भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात तर तीच हवा छातीत दुप्पट जागा मागते. अवघ्या दीड मीटरच्या चढाईतही फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून घाबरलात तरी श्वास चालू ठेवायचा, एवढा एकच नियम पाठ असला तरी पुष्कळ. कान दुखायच्या आत नाक चिमटीत धरून हळूच फुंकावं. सर्दी असेल तर पाण्यात उतरूच नये. दमा किंवा हृदयविकार असेल तर फॉर्मवर लपवू नका. आणि पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर घ्या’. उत्साही पर्यटक कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक बिचारा त्यांना वर घेऊन येतो. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचं कडं करतात.

डुबकीनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एका डुबकीनंतर निदान बारा तास, एकाहून अधिक असतील तर अठरा तास विमानात बसू नये. परतीच्या घाटाचाही विचार इथे करावा लागतो, कारण वाटेवरची आंबोली जवळजवळ सातशे मीटर उंचीवर आहे. सहा-सात मीटरच्या हौशी डुबकीला धोका फारच कमी. पण प्रमाणपत्राचा कोर्स करून दिवसभरात तीन-चार डुबक्या मारणाऱ्याने त्या रात्री खाली मुक्काम करावा हे उत्तम.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, असं सिनेमात दिसतं. प्रत्यक्षात त्याला श्वास घेणंच जमत नसतं, तर ओरडणार कशाने? तोंड पाण्याच्या रेषेत, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबणारे, आवाज नाही. त्याला बाहेर काढलं की पोट दाबून पाणी काढायचं किंवा उलटं टांगायचं, हा आपल्याकडचा हमखास घोळ. त्यात वेळ जातो आणि पोटातलं फुप्फुसात शिरतं. श्वास थांबला असेल तर उताणं निजवून नाक बंद करायचं, तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायला घ्यायची. दुसऱ्याने तोवर 108 ला फोन लावायचा. किनाऱ्यापासून दूर कुणी सापडलं असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. शुद्धीवर आला, ‘मी बरा आहे’ म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याने धाप लागायला काही तासही जाऊ शकतात.